काजव्यांचं टपाल

जंगलाला स्वतःचं टपालखातं असतं. तुमच्या शाळेच्या पुस्तकात ते सापडणार नाही, पण असतं. पत्रं जातात, पत्रं येतात, निरोप वेळेवर पोचावा म्हणून जिवाची धडपड चालते. आणि दुसऱ्याचं पत्र मधल्यामध्ये फोडून फायदा उपटणारे लबाडही असतात. कागद-शाई मात्र नसते. कुणी उजेडानं लिहितं, कुणी वासानं, कुणी अंगाच्या रंगानं. यातला बराचसा कारभार अंधारात चालतो, आणि आपण नेमके तेव्हाच टॉर्च पाजळत तंबूभोवती फिरत असतो.

आम्ही नाशिककर या बाबतीत नशीबवान. सकाळी डबा बांधून निघालं तर दुपारच्या आत डोंगरात. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी, पुढं ब्रह्मगिरी, त्यापलीकडं हरिहर. कळवण-सटाण्याकडं गेलात तर सप्तशृंग, धोडप आणि 1,567 मीटर उंचीचा साल्हेर. घोटीवरून आत वळलात की साक्षात कळसूबाई, 1,646 मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यांत उंच माथा. तिच्या शेजारी भंडारदरा. तिथं जिल्हा बदलतो, अकोले तालुका अहिल्यानगरात जातो, पण नाशिकच्या माणसाला भंडारदरा कधी परका वाटला नाही. डोंगराला काय कळतो तालुका?

हे सगळे डोंगर एकाच कुळीचे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर बसले. आपल्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात त्या याच थरांच्या. दगडांची ती गोष्ट फार मोठी आहे, ती थंडीत शेकोटीपाशी सांगेन. आज टपालाची.

मे महिना म्हणजे आजोळ. लेकीची दोन्ही मुलं नाशिकला आली की आंबे असेपर्यंत घरात रमतात. आंबे संपत आले की “आबा, कुठंतरी न्या ना” सुरू होतं. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आधी, आम्ही घरची सगळी मंडळी भंडारदऱ्याला मुक्कामाला जातो. जाताना पंचांग बघायचं आणि अमावास्येच्या मागंपुढं निघायचं. पौर्णिमेला काजवे बघायला जाणारे लोकही मी पाहिले आहेत. चांदणं बघून परत येतात बिचारे.

घोटीच्या अलीकडं वळवाची सर आली. धाकटीनं गाडीची काच खाली केली, नाक बाहेर काढलं आणि ओरडली, “आबा, मातीचा वास!”

“मातीचा नव्हे गं. मातीत राहणाऱ्यांचा.”

मातीत स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण आपल्यावर त्यांचे उपकार मोठे. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध याच कुळातून मिळालं. हे जिवाणू जिओस्मिन नावाचं एक द्रव्य बनवतात. पावसाचा थेंब कोरड्या जमिनीवर आपटला की मातीतल्या हवेचे बारीक बुडबुडे वर येऊन फुटतात आणि त्यांच्याबरोबर जिओस्मिन हवेत उडतं. आपलं नाक या वासाला इतकं तिखट आहे, की अब्जावधी कणांत याचा एखादा कण असला तरी ओळखतं. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी पावसानंतरच्या या वासाचा अभ्यास जगापुढं मांडला. तेव्हापासून लोक विचारत होते, की हे जिवाणू एवढा खटाटोप करून वास बनवतात तरी कशाला? कवींना कविता सुचाव्यात म्हणून तर नक्कीच नव्हे.

उत्तर मिळालं 2020 मध्ये. मातीत टाचणीच्या टोकाएवढे, टुणकन उडी मारणारे किडे असतात. कोलेम्बोला हा त्यांचा गट. त्यांना हा वास आवडतो. वासाच्या मागावर ते जिवाणूंच्या वस्तीपाशी येतात, पोटभर खातात आणि निघताना अंगाला चिकटलेले जिवाणूंचे बीजाणू लांब नेऊन टाकतात. जिवाणूंना ना पाय, ना पंख. म्हणून बीजाणू तयार झाले की ते वास सोडतात: या, जेवा आणि आमची पोरं पोचवा.

थोरला जरा विचार करून म्हणाला, “म्हणजे आपण दुसऱ्याचं पत्र वाचतो?”

“वाचतो कसलं, हुंगतो.”

घोटीच्या पुढं दोन्ही हातांना भाताची खाचरं लागतात. त्या दिवशी ती कोरडीच होती. पण याच खाचरांपाशी पाऊस नीट लागल्यावर या, पाणी साठल्यावर. एरवी मातकट-हिरवा दिसणारा मोठा बेडूक त्या दिवसांत पिवळाधमक झालेला असतो, आणि गालांखालच्या दोन पिशव्या निळ्या. असा पिवळा दिसला की तो नर. चिखलात एवढी गर्दी, एवढा कालवा, त्यात कोण नर नि कोण मादी हे झटकन कळावं म्हणून त्यांनी अंगावरच जाहिरात लावलेली. पाऊस सरता सरता रंग उतरतो आणि बेडूकराव पुन्हा मातकट.

तर आम्ही पोचलो. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. प्रवरेचं पाणी अडवून इंग्रजांनी बांधलेलं हे विल्सन धरण, आणि त्यामागच्या जलाशयाला त्यांनी नाव दिलं आर्थर लेक. जलाशयाच्या काठाकाठानं शेंडी, मुरशेत, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावं आहेत. आजूबाजूचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. 1986 मध्ये ते जाहीर झालं. गावांतले बरेच लोक महादेव कोळी आणि ठाकर समाजातले. त्यातल्याच एका मामांच्या शेतात आमचे तंबू होते. मामींनी तांदळाची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा वाढला. ठेचा खाऊन धाकटीनं दोन तांबे पाणी रिचवलं. तोवर अंधार पडला.

थोरल्यानं लगेच टॉर्च काढला. मामा हसले. म्हणाले, “बत्ती इझवा आन् गप बसा. डोळ्याला अंधार मुरू द्या.”

मामांनी जे सांगितलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाही मान्य होईल. अंधुक उजेडात पाहायला डोळ्याच्या पडद्यात ऱ्होडोप्सिन नावाचं द्रव्य लागतं. भगभगीत उजेड पडला की ते मोडून जातं आणि पुन्हा साठायला वीस-तीस मिनिटं लागतात. मोबाइलवर एकदा नजर टाकली की ती वीस-तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. तर मोबाइल तंबूत ठेवून आम्ही बांधावर बसलो. आधी काही दिसेना. मग एक ठिपका. मग गवतावर चार-दोन. मग शेजारच्या सादड्याच्या झाडात हालचाल सुरू झाली, आणि बघता बघता खोडापासून शेंड्यापर्यंत झाड उघडझाप करू लागलं. सगळं झाड एकदम पेटे, एकदम विझे. दोन्ही मुलं चिडीचूप. मी म्हणेन, नातवंडांना गप्प करायचा असा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

एक काजवा माझ्या बाहीवर येऊन बसला. तो आम्ही पकडला नाही, नुसता पाहिला. बोटाच्या पेरापेक्षा लहान, तपकिरी, मऊ पाठीचा. डोकं मानेवरच्या ढालीखाली दडलेलं. हा माशीच्या कुळातला नव्हे, भुंगेऱ्यांच्या कुळातला. वरची टणक पंखांची जोडी झाकणासारखी, खालची उडण्यासाठी. पोटाच्या खालच्या बाजूला शेवटचे दोन कप्पे फिकट पांढरट, दिवा तिथं. दोन कप्पे असले तर तो नर. मादीच्या एकाच कप्प्यात दिवा असतो, म्हणून तिचा उजेड मंद.

“आबा, याला चटका नाही का बसत?”

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. जुन्या काळी आपल्या घरात तारेचे पिवळे बल्ब असत. त्यांना दिलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा नुसता उष्णतेत जायचा, उजेड व्हायचा उरलेल्या चिमूटभराचा. काजव्याच्या दिव्यात उष्णता जवळजवळ नसतेच. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, म्हणजे इंधन. ल्युसिफेरेज नावाचं विकर असतं. ते हे इंधन आणि प्राणवायू यांची गाठ घालून देतं. कामाला ताकद पुरवतं एटीपी, जे तुमच्या-माझ्या पेशीपेशीत असतं. ही मंडळी एकत्र आली की हिरवट पिवळा उजेड पडतो. प्राणवायू आत सोडला की दिवा लागला, रोखला की विझला. प्रकाशाच्या या दोन्ही द्रव्यांचा शोध राफाएल द्युबुआ नावाच्या फ्रेंच माणसानं 1880 च्या दशकात लावला. आज प्रयोगशाळांतून काजव्याचं हेच विकर एक निराळंच काम करतं. दूध, औषधं किंवा भांडी यांच्यात जिवाणू उरलेत का हे बघायचं असेल तर त्यात ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज टाकतात. जिवाणू असतील तर त्यांचं एटीपी असणार, आणि एटीपी असेल तर उजेड पडणार.

आता पत्राचा मजकूर. उडताना दिसतात ते बहुतेक नर. ते ठरावीक लयीत उघडझाप करत फिरतात: मी अमुक जातीचा, इथं आहे, कुणी आहे का? मादी खाली गवतात नाहीतर झुडपाच्या पानावर बसलेली असते. तिला लय ओळखीची वाटली, आवडली, तर ती मंद उजेडानं उत्तर देते. तेवढ्या एका मिणमिण उत्तरासाठी तो रात्रभर हिंडत असतो. प्रत्येक जातीची लय निराळी, म्हणून पत्र चुकीच्या पत्त्यावर जात नाही.

तसं एरवी जात नाही. पण अमेरिकेत फोटुरिस नावाच्या काजव्यांची मादी आहे. ती दुसऱ्या जातीच्या मादीच्या लयीची हुबेहूब नक्कल करते. बिचारा नर उत्तर आलं म्हणून आनंदानं खाली उतरतो, आणि बाई त्याला खाऊन टाकतात. जेम्स लॉइड नावाच्या शास्त्रज्ञानं 1965 मध्ये हा बनाव उघड केला. हे ऐकल्यावर धाकटी माझ्या मांडीवर सरकून बसली.

पण झाडभर काजवे एकदम कसे पेटतात? त्यांच्यात कुणी मुकादम असतो का? या प्रश्नानं मोठमोठ्यांना चकवलं आहे. 1690 मध्ये एंगेलबर्ट केंफर हा जर्मन प्रवासी सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला गेला होता. नदीकाठच्या झाडांवर काजवे एकदम लागतात आणि विझतात, असं त्यानं लिहून ठेवलं. पुढं दोनशे वर्षं युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांना ते खरं वाटेना. 1917 मध्ये फिलिप लॉरेंट नावाच्या एकानं तर ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं, की हा सगळा बघणाऱ्याच्या पापण्यांच्या उघडझापीचा खेळ! अखेर 1960 च्या दशकात जॉन बक आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ थायलंडला गेले. त्यांनी काजवे गोळा केले आणि बँकॉकमधल्या आपल्या हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत सोडून दिले. काजवे भिंतीवर, छतावर जाऊन बसले. आधी ज्याची त्याची लय. मग शेजारी शेजारी बसलेल्या दोघांची जुळली, मग तिघांची, मग चौघांची. मुकादम कुणीच नव्हता. प्रत्येकाच्या अंगात एक घड्याळ असतं, आणि शेजाऱ्याचा उजेड दिसला की तो आपलं घड्याळ किंचित मागंपुढं करतो. एवढ्यावर सगळं झाड एका तालात येतं. हॉटेलवाल्याला हे कळलं असतं तर त्यानं काय केलं असतं, याची मला फार उत्सुकता आहे.

हे काजवे येतात तेही हिशोबानं. काजव्याचं बहुतेक आयुष्य जमिनीत आणि पाचोळ्यात, अळीच्या रूपात जातं. अळी गोगलगायी आणि गांडुळं खाते. गोगलगायीला चावून ती तिच्यात विष सोडते, तिला लुळी करते आणि मग निवांत जेवते. ही अळीसुद्धा उजळते. तिचा निरोप मात्र बेडकांना आणि पाखरांना असतो, की मी कडू आहे, वाटेला जाऊ नका. वळवानं जमीन ओली झाली की कोशातून काजवा बाहेर पडतो. पंख आल्यावरचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं, आणि त्यात पुष्कळ जाती काही खातही नाहीत. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, ओल्या मातीत अंडी घालायची आणि संपायचं. पुढं चार महिने पाऊस, म्हणजे गोगलगायीच गोगलगायी. पिल्लांच्या जेवणाची सोय झाली. म्हणून मेअखेरीपासून मृग चांगला लागेपर्यंतच हा खेळ. धुवाधार पाऊस सुरू झाला की उजेड आटोपतो.

ढग जरा बाजूला झाले तेव्हा डोक्यावर स्वाती दिसली, नारिंगी, ठसठशीत. मी धाकटीला म्हटलं, “ते पण एक पत्रच आहे. निघून 37 वर्षं झाली त्याला. तेव्हा तुझी आई बालवाडीत होती आणि रोज सकाळी रडायची.” लेकीनं डोळे वटारले. दक्षिणेकडं वृश्चिकातली लालसर ज्येष्ठा होती. तिचा उजेड निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचाही जन्म व्हायचा होता. मुलं ऐकता ऐकता बांधावरच झोपली, मग त्यांना उचलून तंबूत नेलं.

सकाळी धाकटीला तंबूच्या दाराशी मृगाचा किडा सापडला. मखमली, लालभडक, बोटानं टोकलं की पाय आत घेऊन गोळा होणारा. “मोज पाय,” मी म्हटलं. आठ भरले. कीटकाला सहा असतात, म्हणजे हा कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या भाऊबंदांतला. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत काढतो, पहिल्या पावसाला वर येतो. एवढा लाल रंग घेऊन भरदिवसा उघड्यावर हिंडायची हिंमत त्याला कशी होते? तर तो रंग हीच पाटी: चवीला वाईट, खाऊ नये. पाखरं ती वाचतात आणि सोडून देतात.

मग आम्ही बारी गावातून कळसूबाई चढलो. लोखंडी शिड्या धरून थोरला पुढं, मी मागं, आणि मध्ये लेक दोघांवर ओरडत. चढता चढता आग्या मोहोळाचा विषय निघाला, कारण मुलांच्या बाबांनी अंगावर सेंटचा फवारा मारला होता. सह्याद्रीच्या कड्यांच्या पोटाला उन्हाळ्यात आग्या मोहोळं लागतात. गांधीलमाशी जवळ आली की मोहोळावरच्या शेकडो माश्या ओळीनं पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकत जाते. गांधीलमाशीला तेवढं पुरतं. पण माणसानं दगड मारला, धूर केला, की दुसरं पत्र निघतं. पहिली माशी डंख मारते तेव्हा डंखाबरोबर एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. तो वास बाकीच्यांना सांगतो, की शत्रू इथं आहे, इथंच मारा. म्हणून एक माशी चावली तर हात झटकत उभं राहायचं नाही. तोंड झाकून, मुकाट्यानं, भराभर तिथून लांब जायचं. कड्याखाली चूल किंवा शेकोटी पेटवायची नाही. आणि सेंट घरी ठेवायचा. जावईबापूंनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणखी एक पत्र दाखवायचं राहिलं होतं, पण त्याला श्रावण लागतो. म्हणून मुलं पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला आली तेव्हा आम्ही अंजनेरीला गेलो. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटर. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून लोक श्रद्धेनं येतात. वर सुमारे 4,200 फुटांवर मोठं पठार आहे, आणि त्या दिवसांत पठारावर ढग आपल्याबरोबर चालतात. तिथं सेरोपेजिया अंजनेरिका नावाची वनस्पती उगवते. 2006 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि अंजनेरीचंच नाव तिला दिलं. या कुळातल्या झाडांना आपल्याकडं कंदीलपुष्प किंवा खर्पुडी म्हणतात. जमिनीत कंद, वर गवताएवढं रोप. फूल लांबट नळीचं, खाली फुगीर, आणि वर पाचही पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, म्हणून कंदिलाचा आकार.

फूल देखणं आहे, पण कारभार बघा. ते वास सोडतं. त्या वासाला भुलून बारीक माशी येते, पाकळ्यांमधल्या फटीतून आत शिरते आणि गुळगुळीत नळीतून खाली घसरते. नळीच्या आतले केस खालच्या दिशेला वळलेले. जाताना वाट देतात, परतताना अडवतात. माशी कोंडली गेली. सुटकेसाठी धडपडताना तिच्या तोंडाला परागांच्या इवल्या पिशव्या चिकटतात, किंवा आधीच्या फुलातून आणलेल्या इथं अडकतात. काम झालं की केस कोमेजतात, फूल कलतं आणि माशी सुटते. सुटल्यावर शहाणी होईल म्हणाल तर पुढच्या कंदिलात पुन्हा जाऊन पडते.

या कुळातल्या दक्षिण आफ्रिकेच्या एका जातीनं तर कमाल केली आहे. तिथं काही माश्या अशा आहेत, ज्या कोळ्यानं मधमाशी पकडली की धावत जातात आणि जखमी मधमाशीच्या अंगातून पाझरणारा रस चाटतात. ते फूल नेमका मरणाऱ्या मधमाशीचा वास बनवतं. 2016 मध्ये हे उघड झालं. जेवणाच्या आशेनं माशी येते, आणि आत जेवण नसतंच. थोरला म्हणाला, “आबा, हे तर फसवणुकीचे मेसेज येतात तसं झालं. लिंकवर क्लिक करा म्हणून.” मला ते सुचलं नसतं.

उतरताना कड्यापाशी गिधाडं दिसली. लांब चोचीची गिधाडं अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करतात. वर्षाला एकच अंडं. त्यांची पत्रं आभाळात लिहिलेली. एक गिधाड मेलेलं जनावर बघून खाली झेपावलं की लांबचं दुसरं त्याला बघतं आणि तिकडं वळतं, त्याला बघून तिसरं. अशा साखळीनं अर्ध्या तासात पंगत भरते. एके काळी हा निरोप गावोगाव पोचायचा. मग जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक देऊ लागले, जनावरं मेल्यावर ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. कारण 2004 मध्ये कळलं, 2006 मध्ये आपल्याकडं जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली, पण तोवर शंभरातली नव्वदहून जास्त गिधाडं गेली होती. झेप घेणारं शेजारी दिसलं तरच निरोप पुढं जाणार ना? अंजनेरीचं जंगल 2017 पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि तिथं गिधाडं अजून टिकून आहेत.

काजव्यांवर मात्र वेगळी पाळी आली आहे, आणि ती आणणारे आपणच. अलीकडं जूनच्या शनिवारी-रविवारी भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. हेडलाइट चालू, गाणी चालू, मोबाइलचे फ्लॅश चालू. हेडलाइट झाडावर पडला की झाड विझतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नर उजेड दाखवायचा थांबतो. दाखवला तरी त्या झगमगाटात गवतातल्या मादीचं मंद उत्तर त्याला दिसत नाही. त्याच्याजवळ दोन-तीन आठवडे आहेत. त्यातले शनिवार-रविवार आपण खाल्ले, तर पुढच्या वर्षीची अंडी कोण घालणार? फोटोसाठी लोक गवतात उतरतात, आणि माद्या असतात तिथंच, पायाखाली. बाटलीत काजवे भरून घरी नेणारी माणसंही असतात. त्यांच्याबद्दल आजोबांनी मुलांसमोर काय बोलावं?

तेव्हा येत्या जूनमध्ये जाणार असाल, आणि जाच, तर एवढं करा. शनिवार-रविवार सोडून जा. गाडी गावात लावा आणि पुढं गावातल्याच माणसाला बरोबर घेऊन चालत जा. त्याला वाट माहीत असते आणि त्यालाही चार पैसे मिळतात. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबरानं बांधा, कारण काजव्याला लाल रंग फारसा दिसत नाही. उजेड पायापुरता, जमिनीकडं. पायवाट सोडून गवतात उतरू नका. आणि सादड्याखाली पोचलात की तोही टॉर्च बंद करून अर्धा तास गप्प बसा.